फुलदाण्या राहिल्या, धुपाटणं गेलं

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या या दोन निळ्या-पांढऱ्या चिनी फुलदाण्या, सुमारे ६३ सेंटिमीटर उंच. मानेवर केळीच्या पानांची नक्षी आणि तिच्यात निळ्या अक्षरांतला लेख: झांग वेनजिन नावाच्या भाविकानं घरच्यांच्या सुखरूपतेसाठी देवळाला एक धूपपात्र आणि फुलदाण्यांची जोडी वाहिली. साल १३५१. पुढे या फुलदाण्या मुंबईत जन्मलेल्या पर्सिव्हल डेव्हिड यांच्या संग्रहात आल्या. धूपपात्राचा मात्र पत्ता नाही. तेल गेलं, तूप गेलं, तरी आपल्या म्हणीत धुपाटणं उरतं. इथे नेमकं तेच गेलं.

असं भांडं घडायचं चीनमधल्या जिंगदेझेनला. चाकावरून उतरलेलं भांडं सुकलं, की न भाजताच त्यावर रंगकाम. कोबाल्टची पूड पाण्यात कालवतात. लावताना ती काळपट दिसते, निळाई येते भट्टीतच. सुकी माती पाणी लगेच पिते, म्हणून चुकलेली रेघ पुसता येत नाही. वर पारदर्शक झिलई, म्हणजे भट्टीत काचेसारखा होणारा लेप, आणि सुमारे १३०० अंश सेल्सिअसला एकच भाजणी. आच धुरकट ठेवायची. हवा जास्त शिरली, तर झिलईतल्या लोखंडामुळे पांढऱ्यावर पिवळट झाक चढते.

आता जुन्या भांड्यांवरच्या निळ्या नक्षीतले काळे ठिपके पाहा. परदेशातून येणाऱ्या कोबाल्टमध्ये लोखंड भरपूर असे. कुंचला जिथे जड पडला, तिथे ते साचून झिलईत किंचित रुतलं. बोट फिरवलं की खळगा लागतो. अठराव्या शतकात जुन्या नगांची नक्कल करताना कुंभारांनी हे ठिपके मुद्दाम टेकवले. ते फार शिस्तीत बसलेले दिसतात!

पण धूपपात्र पारखायचं ते उलटं करून. तीन पायांवर भाजलं, तर मऊ झालेलं बूड मध्ये खचतं. म्हणून बुडाखाली आधार देत. तिथे झिलई चिकटू नये म्हणून तेवढा गोल अनेकदा कोरा ठेवलेला असतो. बनावट नगात या कोऱ्या भागावर जुनेपणाचा रंग चोळतात. तो सगळीकडे सारखाच दिसला, तर शंका घ्यावी.

आतूनही बरीच धूपपात्रं काठाखाली कोरीच असतात, कारण आत राख भरायची. उदबत्ती राखेत खोचतात. राख उष्णता अडवते. राखेविना पेटता कोळसा थेट बुडावर ठेवला, तर तेवढाच भाग तापून फुगतो आणि भांड्याला तडा जातो. उचलताना कान किंवा पाय धरू नयेत, जोड तिथेच असतात. एक हात बुडाखाली, दुसरा अंगाला.