लाइट गेली, फ्रीझर भरलेला: मासळी ठेवायची की टाकायची?

[दृश्य: श्रीवर्धनजवळचा किनारा. आडव्या पडलेल्या पोफळी. रस्त्याकडेला वाकलेले विजेचे खांब.]

३ जून २०२०. दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून जास्त. काही तासांत नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, छपरं उडाली आणि विजेचे खांब रांगेनं आडवे झाले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, पलीकडे मंडणगड, दापोली. कित्येक गावांत लाइट परत यायला आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं आणि सिंधुदुर्ग, रत्नागिरी, गोव्यातही तेच झालं.

बागांचे पंचनामे झाले, घरांचे झाले. फ्रीझरमधल्या मालाचा पंचनामा कोणी करत नाही. तो निर्णय घरातल्या बाईनं एकटीनं घ्यायचा असतो, अंधारात, सुरमईची पिशवी हातात धरून.

[दृश्य: स्वयंपाकघर. फ्रीझरमध्ये पिशव्या दाटीनं रचलेल्या.]

आणि वादळाचा मुहूर्त बघा. मे संपता संपता कोकणात आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरलेली असते. एरवी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणून त्याआधी सुरमईचे तुकडे, सोललेली कोलंबी, बांगडे फ्रीझरमध्ये जातात. शेजारी आमरसाचे डबे, खोवलेला नारळ. पूर्वीच्या आगोटीत सुके बोंबील, सोडे, जवळा असायचा. कोरडा राहिला, तर त्याला विजेशी घेणंदेणं नाही. आता ती जागा बऱ्याच घरांत फ्रीझरनं घेतली आहे. त्यामुळे वर्षातला सर्वांत भरलेला फ्रीझर आणि वर्षातली सर्वांत बेभरवशाची वीज, दोन्ही एकाच आठवड्यात येतात.

तर लाइट गेली. आता फ्रीझरच्या आत काय होतं?

चालू फ्रीझर उणे १८ अंश सेल्सिअसवर असतो. वीज गेल्यावर बाहेरची उष्णता हळूहळू आत शिरते. आपल्या बाजूनं लढतो तो बर्फ. एक ग्राम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेनं एक ग्राम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. शाळेत ‘अप्रकट उष्मा’ म्हणून शिकलेला धडा तो हाच. आत गोठलेला माल जितका जास्त, तितका वेळ जास्त मिळतो. म्हणून फ्रीझरमध्ये रिकामी जागा असेल, तर पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्यात. बाटली काठोकाठ भरू नये, गोठताना पाणी फुगतं.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा हिशेब जगभर सांगितला जातो: दार उघडलं नाही, तर पूर्ण भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास आणि खालचा फ्रीज जेमतेम ४ तास.

[दृश्य: एका दाराचा फ्रीज. दार उघडतं. आत वरच्या बाजूला प्लास्टिकच्या पातळ झाकणाचा फ्रीझर.]

हा आकडा आपल्या घराला लावताना मात्र फार सांभाळून. तो स्वतंत्र जाड दार असलेल्या फ्रीझरचा आहे. आपल्याकडे पुष्कळ घरांत एका दाराचा फ्रीज असतो. त्याचा फ्रीझर म्हणजे वरचा छोटा कप्पा, पुढे पातळ झाकण. दुधाची पिशवी काढायला मोठं दार उघडलं, की फ्रीझरलाही बाहेरची हवा लागते. त्यात कोकणातला मे-जूनचा उकाडा. अशा फ्रीझरकडून ४८ तासांची अपेक्षा धरू नका. आडव्या डीप फ्रीजचं गणित वेगळं. त्याचं झाकण वर असतं, थंड हवा जड म्हणून तळाशी बसते आणि झाकण उघडलं तरी सगळी निघून जात नाही.

म्हणून लाइट गेली की पहिलं काम: घड्याळ बघा आणि वेळ कागदावर लिहून फ्रीजच्या दारावर चिकटवा. घरात चार माणसं असतील, तर चौघांनाही कळेल की दार उघडायचं नाही. वर गोधडी किंवा जाड चादर घातली, तर थंडी आणखी थोडी टिकते. लाइट आली की मात्र ती लगेच काढा, मशीनला मोकळी हवा लागते.

[दृश्य: हात पिशवी दाबून बघतो. जवळून.]

आता तो अवघड क्षण. दार उघडायची वेळ आली. पिशवी हातात घ्या आणि दाबा. तुकडे अजून कडक आहेत, मधे बर्फाचे खडे लागतात, किंवा थर्मामीटर ५ अंशांच्या खाली दाखवतो? मग माल चांगला आहे. लाइट आली तर परत गोठवा, नाहीतर लगेच शिजवा. परत गोठवलेल्या सुरमईची चव थोडी उतरते. बर्फाच्या कणांनी मांसाच्या पेशी फाटतात, पाणी सुटतं आणि तुकडा भुसभुशीत होतो. पण ती खायला सुरक्षित असते. चवीसाठी चांगला मासा फेकून देऊ नका.

बर्फ पूर्ण गेला आहे आणि मासा, मटण, चिकन, शिजवलेलं अन्न ५ अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिलं आहे? मग ते टाकायचं. बाहेर काढून ठेवलेलं असेल आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल, तर एकच तास धरायचा.

इथे प्रत्येक घरात एक वाक्य ऐकू येतं: “वास तर येत नाहीये.”

गाफील करणारं वाक्य आहे हे. वास आणणारे जिवाणू वेगळे, आजारी पाडणारे बरेचदा वेगळे. साल्मोनेला पुरेसा वाढलेला असला, तरी चिकनला ना वास येतो ना रंग बदलतो. गोठवल्यानं हे जिवाणू सगळे मरत नाहीत, फक्त थांबतात. ऊब मिळाली की परत कामाला लागतात आणि अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात.

दुसरं वाक्य: “चांगलं उकळून घेऊ, सगळं मरेल.”

जिवाणू मरतील. त्यांनी सोडलेलं विष मरतंच असं नाही. हाताळलेल्या शिजवलेल्या अन्नात वाढणारा स्टॅफिलोकॉकस आणि भातात वाढणारा बॅसिलस सेरियस, दोघांचंही उलट्या करायला लावणारं विष उकळी सहन करतं.

[दृश्य: ताटात बांगडे. चमकदार, निळसर पाठ, काळ्या रेषा.]

आणि कोकणातल्या घरानं सर्वांत जास्त जपायचं ते बांगड्याच्या बाबतीत. बांगडा, कुपा, तारली, सुरमई या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा उबेत राहिला, की जिवाणू त्याचं हिस्टामीन बनवतात. एकदा बनलेलं हिस्टामीन तळून जात नाही, उकळून जात नाही, परत गोठवूनही जात नाही. कोकम आणि तिरफळं कितीही घाला. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगाला खाज येते, छातीत धडधडतं, कधी उलट्या-जुलाब होतात. ‘याला मासे सोसत नाहीत’ असं समजून लोक विषय सोडून देतात. आयुष्यभर बांगडा खाल्लेल्या माणसाला एके दिवशी अचानक असं झालं, तर संशय थंडी तुटलेल्या माशावर घ्यायला हवा. श्वासाला त्रास होत असेल, तर थेट दवाखाना गाठायचा आणि काय, किती वाजता खाल्लं ते डॉक्टरांना सांगायचं.

बाकी सामानाचं लवकर उरकू. आइस्क्रीम पातळ झालं, तर टाका. आमरस आणि फळं वितळली तरी मांसाइतकी धोक्याची नाहीत. थंड असतील तर गोठवा, फेस किंवा आंबूस वास आला तर नको. खोवलेला नारळ लवकर उतरतो, तो पहिल्याच दिवशी वापरून टाका. लोणी, तूप, लोणचं यांची काळजी नको. वितळलेल्या मटण-मासळीचं पाणी ज्या पदार्थावर ठिबकलं, तो पदार्थ मात्र गेला. फ्रीजमध्ये इन्सुलिन असेल, तर ते वापरता येईल का हे डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला विचारा आणि विचारायला उशीर करू नका.

माझं स्पष्ट मत आहे: निर्णय पहिल्या दिवशीच घ्या. खांब पडलेत, वायरमन चार दिवस येणार नाही हे दिसतंय ना? मग मासळी अजून बर्फात आहे तोवर गॅसवर मोठं पातेलं चढवा आणि वाडीत वाटा. तिसऱ्या दिवशी तीच मासळी वाचवायची धडपड करण्यात अर्थ नसतो. घरात गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस असेल तर अजिबातच नाही. महागाची मासळी टाकताना जीव तुटतो, हे खरंच आहे. पण चार जुलाबांनी तान्हं मूल किती कोमेजतं, तेही आपण पाहिलेलं असतं.

[दृश्य: कुलूपबंद घर. अंगणात पालापाचोळा. आत फ्रीजची घरघर.]

आता सर्वांत फसवं प्रकरण. चाकरमान्यांचं बंद घर. मुंबईला जाताना फ्रीज चालू ठेवलेला. मधे तीन दिवस लाइट गेली, परत आली, कोणालाच पत्ता नाही. गणपतीला दार उघडलं, तर फ्रीझर थंडगार आणि मासळी दगडासारखी कडक. सगळं ठीक दिसतं.

नीट बघा. पिशवीच्या तळाशी गुलाबी बर्फाची सपाट वडी जमली आहे. सुटे ठेवलेले तुकडे एकमेकांत चिकटून एकच गोळा झाला आहे. मटारच्या पाकिटात दाणे वाजत नाहीत, ढेकूळ लागतं. म्हणजे मधे हे सगळं वितळलं होतं.

[दृश्य: स्टीलची वाटी. पाण्याचा गोठलेला पृष्ठभाग. वर रुपयाचं नाणं ठेवलं जातं.]

यावर उपाय फुकटचा आहे. वाटीत पाणी गोठवा, वर एक नाणं ठेवा, वाटी फ्रीझरमध्ये राहू द्या. परत आल्यावर नाणं वरच असेल, तर फार काही वितळलेलं नाही. नाणं तळाशी असेल, तर वाटीतला बर्फ पूर्ण पाणी होऊन परत गोठला आहे. माल किती तास उबेत राहिला हे वाटी सांगू शकत नाही, म्हणून अशा वेळी मांस-मासळी टाकायचीच. नाणं मधे अडकलं असेल तरी मी बांगडा ठेवणार नाही.

टाकायचं ठरलं, तर कुत्र्या-मांजरांना घालू नका. खोल खड्डा करून पुरा. मग फ्रीझर साबणाच्या पाण्यानं धुवा, दाराच्या रबराच्या घड्यांत बोट घालून पुसा, घाण नेमकी तिथे बसते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं वास उतरतो. कोरडा करून मशीन चालू करा आणि दार बंद ठेवा. उणे १८ अंशांना यायला त्याला बरेच तास लागतात. त्याआधी नवी मासळी आणून भरू नका.