ज्याचं त्याचं गाणं

नमस्कार श्रोतेहो.

मी तबलजी. उभं आयुष्य साथीला बसण्यात गेलं. गायकाचं लक्ष स्वरात असतं, श्रोत्यांचं गायकाकडे. समोर बसलेल्या माणसांचे चेहरे निवांत बघायला मिळतात ते साथीदारालाच. विलंबित ख्याल सुरू असला की हात ठेका धरून राहतात आणि डोळे मोकळे असतात. नागपुरात धंतोलीतल्या घरगुती बैठकांपासून सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहापर्यंत मी हे चेहरे बघत आलो. एकाच मैफलीत एक गृहस्थ डोळे मिटून बसलेले असतात, शेजारी त्यांची पत्नी पदराने डोळे टिपत असते आणि मागच्या रांगेत एखादा मुलगा मांडीवर बोटांनी मात्रा मोजत असतो. राग तोच, गळा तोच, आणि ऐकणं तिघांचं तीन तऱ्हेचं.

तेव्हापासून मला लोकांना विचारायची सवय लागली, की बाबा, तू गाणं कशासाठी ऐकतोस? पहिलं उत्तर ठरलेलं असतं, ‘आवडते म्हणून.’ घाई न करता थोडं थांबलं, चहा मागवला, की मग खरं काय ते बाहेर येतं.

आधी माझ्या पेशातलं सांगतो. विलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, बारा मात्रांचं, पण लय अगदी संथ असली तर ते संपायला पाऊण-एक मिनिट लागतं. गायक मधल्या जागेत आलाप करतो, भटकतो, दूर जातो. मग कुठेतरी तो बंदिशीचा मुखडा, म्हणजे तिची सुरुवातीची ओळ, उचलतो. जाणत्या श्रोत्याला तिथेच कळतं, की आता सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येणार. माना किंचित पुढे होतात. हात मांडीपासून वर उचलले जातात आणि हवेतच थांबतात. माझा ‘धिं’ आणि गायकाचा स्वर एकत्र पडला, की सगळे हात एकदम खाली येतात आणि कुणाच्या तरी तोंडून ‘क्या बात है’ निघतं. सम तर दर आवर्तनाला येते, ती येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही प्रत्येक वेळी तेवढाच आनंद होतो. मला वाटतं, त्यातला अर्धा आनंद त्या हवेत थांबलेल्या हाताचा आहे.

कॅनडात मॉन्ट्रियलच्या शास्त्रज्ञांनी 2011 साली मेंदूच्या बाबतीत जवळजवळ हेच दाखवून दिलं. ज्यांच्या अंगावर संगीताने काटा येतो, अशी माणसं त्यांनी निवडली आणि प्रत्येकाला आपल्या आवडीचं, शब्द नसलेलं वाद्यसंगीत आणायला सांगितलं. ऐकताना त्यांच्या मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन स्रवलं. भूक लागल्यावर जेवलं की जे स्रवतं, तेच हे. गंमत अशी, की ते दोन टप्प्यांत स्रवलं. आवडती जागा येण्याआधी, वाट बघताना, मेंदूच्या एका भागात, आणि ती जागा आली तेव्हा दुसऱ्या भागात. म्हणजे वाट बघण्याचं सुख वेगळं आणि पोचण्याचं वेगळं.

त्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तुलनेसाठी ज्याचं मनावर फारसं काही होत नाही, असं संगीतही ऐकवायला हवं होतं. ते त्यांनी वेगळं शोधलंच नाही. एकाने आणलेलं दुसऱ्याला ऐकवलं. ज्या सुरावटीने एकाच्या अंगावर शहारे आले, ती दुसऱ्याला कोरडी गेली.

माझं सारं म्हणणं इथेच आहे. गाण्याचा दर्जा ठरवायला जाणकार आहेत, त्यांनी तो जरूर ठरवावा. मीही ठरवतो, आणि माझी मतं कडक आहेत. पण एखादं गाणं एखाद्या माणसाच्या कोणत्या कामी आलं, हे त्याच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, आणि तिथे आपण मध्ये पडू नये.

मध्ये पडून काही होतही नाही. 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताबद्दल त्यांना मनापासून आस्था होती, त्यांच्या काळात आकाशवाणीने कितीतरी मोठ्या कलावंतांना घराघरांत पोचवलं. माझ्यासारख्यांवर ते ऋणच आहे. पण चित्रपटगीतं त्यांनी जवळपास बंद केली. श्रोत्यांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन, म्हणजे शेजारच्या लंकेचं हिंदी गाणी लावणारं केंद्र, लावलं. आपल्या नागपूरचं केंद्र 1948 पासूनचं, तरी इथल्याही घरांत तेव्हा खरखर ऐकत सिलोन शोधणं चाले. शेवटी 1957 साली विविध भारती सुरू झाली. लोकांना त्या गाण्यांत जे हवं होतं, ते दुसऱ्या कशात मिळत नव्हतं.

काय हवं असतं? गोळीबार चौकाकडे आमच्या ओळखीचे एक विणकर काका आहेत. हातमाग आता फार थोड्या घरांत उरले, त्यांच्याकडे आहे. मागाच्या खांबाला खिळा ठोकून त्यावर रेडिओ टांगलेला. पायाने पावडी दाबली, धोटा इकडून तिकडे गेला, फणी ठोकली, पुन्हा पावडी. मी एकदा तासभर शेजारी बसून बघितलं. गाणं लागलं की दोन-चार फेऱ्यांत त्यांचा हात त्या लयीत जातो. गाणं बदललं, लय चढली, की धोटाही चढतो. फारच द्रुत काही लागलं तर ते एक ठोका सोडून एक धरतात, म्हणजे आमच्या भाषेत बरोबर निम्म्या लयीत राहतात. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, ‘‘गाणं नसलं का हात जड होते, भाऊ. दिवस सरता सरत नाही.’’ आपल्या आया-आज्या पहाटे जात्यावर ओव्या गात, त्याचंही एक कारण हेच. हेमा रायरकर आणि गी पॉइत्वां या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. दळणाचे कष्ट त्यांत आहेत, आणि सासरी कोणाला सांगता येत नाही ते सगळंही आहे.

समृद्धी महामार्गावर रात्री ट्रक नेणारा एक मुलगा मला म्हणाला, ‘‘गाणं लावलं का बाजूले कोणी बसून आहे असं वाटते.’’ सातशे एक किलोमीटरचा सरळ रस्ता, वळण नाही की गाव नाही. त्याला सोबत हवी असते. (एक सांगून ठेवतो, झोप यायला लागली तर गाण्यावर विसंबू नका, गाडी थांबवा.)

आता दुःखाच्या गाण्यांकडे येतो, कारण हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो. माणूस आधीच दुःखी असताना उदास गाणं का लावतो? नंदनवनातल्या एका वहिनींचे यजमान गेले, तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. धीर देणारे पुष्कळ होते. वहिनी म्हणाल्या, ‘‘सगळे रडू नको म्हणत होते. गाण्यात कोणी रडू नको म्हणत नाही.’’ दुपारी सगळे आडवे झाले की त्या कूलरच्या घरघरीत कानाशी रेडिओ धरून बसत. नागपूरचा मे महिना, बाहेर चिटपाखरू नाही. तेवढा तास त्यांचा एकट्यांचा.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यांत करुण आहे. आठव्या शतकातला संस्कृत नाटककार भवभूती आपल्या विदर्भातल्या पद्मपूरचा. खरा रस एकच, तो करुण, बाकीचे सारे त्याचीच रूपं, इथपर्यंत त्याने म्हणून ठेवलं. मला हे पूर्ण पटतं. शोक आपला असतो तेव्हा तो नुसता बोचतो. तोच स्वरात ऐकला की त्याला आकार येतो, सुरुवात आणि शेवट येतो. शिवाय हे आपल्या आधी कोणीतरी सोसलं आहे, एवढं तरी कळतं. म्हणून घरात कोणी उदास गाणी ऐकत असेल तर लगेच बंद करायला धावू नका. जेवण, झोप, बोलणंच तुटलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टरला विचारा.

सगळंच एकट्याचं असतं असंही नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी वाजली की गावच्या गाव बसून ऐकायचं. आजही विदर्भात संध्याकाळी भजनी मंडळ जमतं, त्यातल्या कितीजणांना सूर आहे हे कोणी मोजत नाही. आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जाऊन बघा. आंबेडकरी लोकशाहीर वामनदादा कर्डकांच्या परंपरेतली गाणी तिथे लागतात, तेव्हा रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसांची पाठ ताठ होते. ज्यांच्या आजा-पणजाला नावाने हाक मारायलाही कोणी तयार नव्हतं, त्यांना बाबासाहेबांचं नाव आणि आपली गोष्ट गाण्यात मोठ्याने ऐकू येते. राग कोणता, ताल कोणता, हे विचारायची ती जागाच नव्हे.

काही माणसांना मात्र संगीताने काहीच होत नाही. बार्सिलोनाच्या संशोधकांनी अशांचा अभ्यास केला. कान उत्तम, सूर ओळखता येतो, इतर गोष्टींत आनंदही वाटतो, फक्त संगीत त्यांना लागत नाही. त्यांना अरसिक म्हणू नका. आणि वरातीत डीजेच्या भिंती लावणाऱ्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, की गाणं ऐकणं हे ज्याचं त्याने निवडायचं असतं. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम 2000 सालापासून आहे, पण नियम नसता तरी शेजारच्या आजारी माणसाच्या छातीवर आपली आवड लादणं बरं नव्हे.

शेवटी एक काम सांगतो. साधारण पंधरा ते पंचविशीत ऐकलेली गाणी माणसाला जन्मभर चिकटतात. उतारवयात स्मृतिभ्रंश होऊन मुलांची नावं विसरलेली माणसंही पुष्कळदा तेव्हाची गाणी शब्दासकट म्हणतात. सुरांची आठवण मेंदूत ज्या भागांवर टिकते, त्यांतले काही भाग या आजारात उशिरा बाधतात. पण कोणती गाणी, हे घरच्यांना ठाऊक नसतं. मग बाबांना सरसकट अभंग लावले जातात आणि ते गप्प बसून राहतात. तरुणपणी ते सीताबर्डीच्या टॉकीजमध्ये काय बघायचे, हे कोणी विचारलेलंच नसतं. तेव्हा आज जेवणानंतर आई-वडिलांना, आजी-आजोबांना विचारा. गाण्याचं नाव, आवाज कोणाचा, पहिल्यांदा कुठे ऐकलं, तेव्हा सोबत कोण होतं, हे सगळं एका वहीत उतरवा. नाव आठवत नसेल तर त्यांना गुणगुणायला सांगा आणि मोबाइलवर टिपून घ्या. ती वही औषधांच्या फायलीसोबत ठेवा. आणि त्याच वहीच्या मागच्या पानावर आपलीही गाणी लिहा, पुढे मुलांना शोधत बसायला नको.

नमस्कार.