चार वाजून सहा मिनिटं

(दृश्य : भायखळा, अग्निशमन दलाचं मुख्यालय, सकाळ)

14 एप्रिल. बाहेर रस्त्यावर निळे झेंडे, ढोल, जयंतीची लगबग. आत, दलाच्या आवारात, जवान ओळीने उभे आहेत. बिगुल वाजतो आणि टाचा जुळतात.

1944 साली या तारखेला शुक्रवार होता. बाबासाहेबांना त्या दिवशी 53 वर्षं पूर्ण झाली. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं तेव्हा त्यांच्याकडेच होतं. आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत एक जहाज माल उतरवायची वाट बघत उभं होतं.

(दृश्य : जुनी छायाचित्रं, गोदी, क्रेन, जहाजाचं फाळकं, म्हणजे माल चढवायचं-उतरवायचं तोंड)

फोर्ट स्टिकीन. 7,142 टनांचं मालवाहू जहाज. फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं, कराचीला थांबलं आणि 12 एप्रिलला मुंबईत लागलं. पोटात जवळजवळ 1,400 टन दारूगोळा होता. तोफगोळे, सुरुंग, पाणतीर म्हणजे टॉर्पेडो. शिवाय सोन्याच्या विटांच्या 31 पेट्या.

कराचीत जागा रिकामी झाली, ती भरायला कापसाच्या गाठी आल्या. तेलाची पिंपं, लाकूड, गंधक, राळही आली. दारूगोळ्याशेजारी कापूस नको, हे कळायला कप्तान असावं लागत नाही. तरी कप्तानाने हरकत नोंदवली. पण युद्ध चालू होतं, आणि जहाजातली वीतभर जागाही मोकळी सोडायची नव्हती. माल भरला गेला.

कापसाची गाठ दाबून बांधलेली असते. ती पेटली की भडकत नाही, धुमसते. वरून कितीही पाणी मारा, आतली ठिणगी कोरडीच राहते. गिरणीतल्या, वखारीतल्या जुन्या माणसांना हे पाठ असे. जाळ दिसेपर्यंत आग फार पुढे गेलेली असते.

आणखी एक गोष्ट. स्फोटकं आणणाऱ्या जहाजाने लाल बावटा लावायचा, असा बंदराचा रिवाज होता. युद्धात जो तो दारूगोळाच आणू लागला, तेव्हा बावटा कोण लावतो? तो बावटा धक्क्यावरून दिसला असता, तर पुढचे दोन तास वेगळे गेले असते, असं आम्हाला वाटतं.

(दृश्य : बंब, पाण्याचे फवारे)

दुपारी दोनच्या सुमाराला दोन नंबरच्या फाळक्यातून धूर आला. हमाल वर आले. बंब आले. पाइप खाली सोडले, आणि पाणी, पाणी, नुसतं पाणी. 900 टनांहून जास्त. फाळक्यात ओतलेल्या पाण्याला उकळी फुटली.

3 वाजून 50 मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम झाला. 4 वाजून 6 मिनिटांनी जहाजाचे दोन तुकडे झाले. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट.

(दृश्य : धुराचा लोट. इथे निवेदन थांबेल. आठ सेकंद.)

शिमल्याच्या भूकंपमापकावर धक्का उमटला. आजूबाजूची जहाजं बुडाली, वखारी जळाल्या, हजारो लोक बेघर झाले.

(दृश्य : स्मारक, पुष्पचक्र)

अग्निशमन दलाचे 66 जण गेले. हा आकडा ठाम आहे, कारण दलात हजेरीपट होता. एकूण माणसं किती गेली? कुणी 800 म्हणतं, कुणी 1,300. मधल्या पाचशेंत कोण असेल, ते ओळखायला फार डोकं नको. गोदीतला हमाल रोजंदारीवर होता. सकाळी फाटकावर उभं राहायचं, मुकादमाने बोट दाखवलं तर आत जायचं. त्याचं नाव कुठल्या वहीत असणार? गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा आला 1948 साली. त्यांच्या सुरक्षिततेचा, आरोग्याचा आणि कल्याणाचा एकत्र कायदा, 1986 साली.

सोन्याच्या विटा मात्र मोजून होत्या. गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षं त्या सापडत राहिल्या. या स्फोटाचा विषय काढला की आजही पहिला प्रश्न सोन्याचाच येतो. आम्हालाही आला.

(दृश्य : छातीला टाचणीने झेंडा लावणारे हात)

14 ते 20 एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह असतो, तो याच दिवसापासून सुरू होतो. 2015 मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीने याच दलाचे चार अधिकारी नेले.

(दृश्य : औद्योगिक वसाहतीतली कवायत. शिडी, मास्क, टँकरच्या पाठीवरची पाटी)

ही पाटी बघा. 1203, म्हणजे पेट्रोल. आकडा वाचला की फवारा पाण्याचा की फेसाचा, हे ठरतं. नव्या जवानाला शिडीवर चढण्याबरोबर हे वाचायलाही शिकवतात.

कवायतीतली आग खोटी आहे, धूर डब्यातला आहे. बंब फाटकाशी थांबतो. अधिकारी उतरतो. पाइप अजून गुंडाळलेलाच आहे. तो गाळ्याच्या वॉचमनला विचारतो, "आत काय भरलंय?"

वॉचमन वही शोधतो आहे.