वेगाचा भार कोण उचलतं?

(पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मघाशी खाली चहा घेताना तुमच्यातल्याच दोघांचा वाद कानावर पडला. एक म्हणत होता, दोन-तीन कोटी मोजून घेतलेली स्पोर्ट्स कार सिग्नलला बंद पडत असेल तर ती शुद्ध फसवणूक आहे. दुसरा म्हणाला, शर्यतीचा घोडा टांग्याला जुंपायचा नसतो. वेग हवा असेल तर नखरे सोसायची तयारी हवी. मी इंजिन-टेस्टिंगमध्ये ३५ वर्षं काढली आणि ही घोड्याची उपमा अगदी पहिल्या वर्षापासून ऐकत आले. ती मला कधीच पटली नाही. घोड्याचा पाय जन्मतः असतो तसा असतो. कनेक्टिंग रॉड, म्हणजे इंजिनात वर-खाली होणाऱ्या पिस्टनला फिरणाऱ्या क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा, मात्र कुणीतरी आखलेला असतो. त्याचा धातू कुणीतरी निवडलेला असतो, त्याचे बोल्ट किती आवळायचे हेही कुणीतरी ठरवलेलं असतं. तो तुटला तर त्याला नखरा म्हणू नये. कुठला निर्णय चुकला, ते शोधावं.

आधी भार म्हणजे काय ते फळ्यावर पाहू. उदाहरणाला होंडाची एनएसएक्स घेते, कारण ती माझ्या आवडीची आहे. ती १९९० साली बाजारात आली. ॲल्युमिनियमची बॉडी, तीन लिटरचं व्ही-६ इंजिन, ७८ मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव) आणि ८००० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला तितके फेरे, फिरायची मुभा. ८००० भागिले ६०, म्हणजे सेकंदाला १३३ फेरे. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन दोनदा थांबतो, एकदा वर आणि एकदा खाली. म्हणजे सेकंदाला २६६ वेळा तो पूर्ण थांबून उलटा फिरतो आणि तरीही त्याचा सरासरी वेग ताशी ७५ किलोमीटर भरतो. वरच्या टोकाला वळताना त्याचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या ३००० पटींच्या पुढे जातो. पिस्टन अर्ध्या किलोचा धरा. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या, म्हणजे जळलेला वायू बाहेर ढकलणाऱ्या धावेच्या शेवटी, जेव्हा त्याला वरून दाबून धरायला जळता वायूसुद्धा नसतो, तेव्हा तो अर्ध्या किलोचा पिस्टन रॉडला दीड टनाहून जास्त जोरानं वर ओढतो. क्रँकशाफ्टला कवटाळणारी रॉडची खालची टोपी धरून ठेवायला असतात दोन बोल्ट.

हा जोर आरपीएमच्या वर्गानं वाढतो. ४००० चे ८००० केले की दुप्पट नाही, चौपट. तुमची रोजची गाडी एक्सप्रेसवेवर शंभरनं जाताना अडीच-तीन हजारांवर फिरत असते, म्हणजे तिच्या बोल्टांच्या वाट्याला या भाराचा लहानसा अंश येतो. म्हणून तिथं एखादी चूक खपून जाते. स्पोर्ट्स कारमध्ये ती खपत नाही. वेगामुळे गाडी नाजूक होते असं लोक म्हणतात, त्यातला खरा भाग एवढाच.

पण मग एनएसएक्स का टिकली? होंडानं तिच्यासाठी टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड वापरले. रॉड हलका झाला की त्याची स्वतःची ओढ कमी होते, बेअरिंगवरचा भार कमी होतो आणि इंजिनाला जास्त फिरायला वाव मिळतो. इथं जरा थांबा. वेग वाढवणारी आणि आयुष्य वाढवणारी कृती एकच आहे. एकाच्या बदल्यात दुसरं द्यावं लागलेलं नाही. द्यावे लागले ते पैसे, आणि धातूवर घालवलेला वेळ. फॉर्म्युला वनचा शर्यतपटू आयर्टन सेना यानं १९८९ साली जपानमधल्या सुझुका ट्रॅकवर ही गाडी चालवून पाहिल्यानंतर तिची बॉडी आणखी कडक करण्यात आली. आणि एवढं करूनही ती रोज ऑफिसला नेता येईल अशी ठेवली. मॅक्लारेन एफ-१ या सुपरकारचे रचनाकार गॉर्डन मरे यांनी रोजच्या वापराचा मापदंड म्हणून हीच गाडी समोर ठेवली होती. माझ्या दृष्टीनं हे त्या गाडीला मिळालेलं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र आहे.

आता याच्या उलट बाजूचं उदाहरण. २०१४ साली पोर्शच्या नव्या ९११ जीटी३ च्या दोन गाड्यांना युरोपात आग लागली. हे इंजिन ९००० आरपीएमपर्यंत जाणारं. तपासात निघालं की कनेक्टिंग रॉडचा बोल्ट सैल झाला, रॉड सुटला आणि त्यानं इंजिनाची भिंत फोडली. तेल बाहेर आलं, पेटलं. मघाशी ज्या दोन बोल्टांबद्दल बोलले, तेच हे. कंपनीनं जगभरातल्या ७८५ मालकांना गाडी चालवू नका असं कळवलं आणि सगळ्यांची इंजिनं बदलून दिली. बोल्ट बदलून भागवलं नाही, पूर्ण इंजिन दिलं. चूक झाली ती झाली, पण ती मान्य करायची ही रीत मला मनापासून आवडते.

पोर्शचीच जुनी गोष्ट मात्र मला याहून जास्त शिकवते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ९११ चं इंजिन हवेऐवजी पाण्यानं थंड होऊ लागलं. त्या ९९६ पिढीत आणि पोर्शच्याच बॉक्स्टरमध्ये क्रँकशाफ्टकडून कॅमशाफ्टकडे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याकडे) गती नेणारा एक मधला शाफ्ट होता. त्याच्या टोकाला एक सीलबंद बॉल बेअरिंग, आत ग्रीस भरलेलं. इंजिनाच्या तेलानं हळूहळू सील निकामी होतं, ग्रीस धुऊन जातं आणि ताजं तेलही पुरेसं पोचत नाही. बेअरिंग झिजलं की धातूचा कीस तेलाबरोबर सगळ्या इंजिनात फिरतो, आणि ते तुटलं तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. सगळ्या गाड्यांचं असं झालं नाही, बहुसंख्य गाड्या चालत राहिल्या. पण ज्याची गेली त्याचं इंजिनच गेलं.

आणि त्याच वर्षांत, त्याच कंपनीच्या ९११ टर्बो आणि जीटी३ मध्ये वेगळं इंजिन होतं. हान्स मेत्सगर यांच्या हातचं, शर्यतींच्या परंपरेतून आलेलं. त्यातल्या मधल्या शाफ्टला साधी प्लेन (बिनगोळ्यांची) बेअरिंगं होती आणि त्यांना दाबानं तेलाचा पुरवठा होता. ताकद कितीतरी जास्त, आणि तरी ही इंजिनं दणकटपणासाठी नावाजली गेली. म्हणजे एकाच शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाड्यांपैकी जास्त वेगवान होती तीच जास्त भरवशाची होती! खाली चहावर वाद घालणाऱ्या दोघांनीही हे उदाहरण लक्षात ठेवावं.

मी इंजिनं तपासली ती ट्रकची, डिझेलची. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या कारखान्यात. टेस्ट सेलमध्ये इंजिन डायनॅमोमीटरला, म्हणजे भार देऊन ताकद मोजणाऱ्या यंत्राला, जोडायचं आणि रात्रंदिवस पूर्ण भारावर पळवायचं. एका चाचणीत चारशेहून जास्त तास इंजिन उत्तम चाललं. मग एका रात्रपाळीत ऑइल प्रेशर घसरलं. दोन दिवस लागले उघडायला. क्रँक निर्मळ, बेअरिंगं निर्मळ, पिस्टनवर ओरखडा नाही. तेलाची नळी धरून ठेवणारी पत्र्याची एक पट्टी कंपनांनी चिरली होती आणि सुटलेली नळी ब्लॉकवर घासून तिला भोक पडलं होतं. आमच्या फोरमन काकांनी ती पट्टी कागदावर ठेवून माझ्या टेबलावर आणली आणि विचारलं, “मॅडम, हिचं ड्रॉइंग कुणी तपासलं होतं?” मीच तपासलं होतं. क्रँकच्या ड्रॉइंगवर मी आठवडे घालवले होते, या पट्टीवर दोन मिनिटंही नाही. त्या दिवसापासून मी ड्रॉइंगं वाचायचा क्रम उलटा केला. स्वस्त भाग आधी.

जगभरच्या महागड्या गाड्यांच्या इतिहासात मला हेच दिसतं. २०१० साली फेरारीला ४५८ इटालियाच्या हजारावर गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण चाकाच्या कमानीत उष्णतारोधक पत्रा चिकटवायला वापरलेला गोंद तापून पेट घेत होता. इंजिन निर्दोष, गिअरबॉक्स निर्दोष. गोंद!

भरवशाचा आणखी एक भाग आहे, ज्याबद्दल कॉलेजात फार कमी शिकवतात. तो म्हणजे हात पोचणं. फेरारीच्या एफ३५५ मध्ये टायमिंग बेल्ट (क्रँकशाफ्टवरून कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा) बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. बेल्ट रबराचा, तो ठरावीक वर्षांनी बदलायलाच हवा. काम एवढं खर्चिक असलं की माणूस पुढं ढकलतो, ढकललं की एक दिवस बेल्ट तुटतो आणि मग म्हणायचं, इटालियन गाडी बेभरवशाची. पुढं ३६० मोडेनामध्ये सीटच्या मागच्या झडपेतून बेल्टपर्यंत जाता येऊ लागलं, आणि एफ४३० मध्ये बेल्ट जाऊन चेन आली. त्या बदलांवर फारशी चर्चा झाली नाही. माझ्या मते ताकदीत पडलेल्या भरीपेक्षा ती प्रगती मोठी होती.

आपल्या पुण्याचं सांगायचं तर इथं गाडीला घातक ठरतो तो कमी वेग. भांडारकर रस्त्यावरून दोन किलोमीटर कॉफीला जायचं, गाडी लावायची, तासानं परत. पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापलं असं वाटतं, पण तेलाला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. थंड तेल जाड असतं, बारीक फटींत हवं तसं पोचत नाही. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मध्ये आरपीएमच्या काट्याभोवती दिवे आहेत. तेल तापत जाईल तसे ते एकेक विझतात आणि वरची मर्यादा खुली होत जाते. ही सूचना इतकी साधी आणि इतकी नेमकी आहे की ती प्रत्येक गाडीत असावी असं मला वाटतं. त्याच कंपनीच्या व्ही-१० वाल्या एम५ चे जाणते मालक रॉडची बेअरिंगं बिघडायची वाट न बघता आधीच बदलून घेतात. मला तो शहाणपणा वाटतो.

उरलेलं थोडक्यात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच असतो. या गाड्यांचं पोट जमिनीपासून साधारण तेवढ्याच अंतरावर असतं, आणि आपल्या गल्लीतले स्पीडब्रेकर नियम वाचून बांधलेले नसतात. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीचे टायर एका जागी चपटे होतात, बॅटरी उतरते आणि २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल टाकीत पडून राहिलं की ओल धरतं. गाडी जपायची म्हणून उभी ठेवू नका. पंधरवड्यातून एकदा सकाळी लवकर ताम्हिणीपर्यंत नेऊन आणा, तेल नीट तापू द्या.

शेवटी फ्रान्समधली ल मान. २४ तासांची ही शर्यत १९२३ साली सुरू झाली तीच मुळी गाड्यांचा टिकाऊपणा जोखायला. २०१६ साली टोयोटाची पाच नंबरची गाडी पुढं होती, काझुकी नाकाजिमा चालवत होता. २३ तास ५६ मिनिटं झाली होती, पाच हजारांहून जास्त किलोमीटर धावून झालं होतं. आणि गाडीची ताकद गेली. सुरुवातीच्या रेषेजवळच ती थांबली, शेजारून पोर्श निघून गेली आणि जिंकली. टोयोटानं कशीबशी शेवटची फेरी पूर्ण केली, पण तिला इतका वेळ लागला होता की निकालात तिचं नावसुद्धा धरलं गेलं नाही. कारण काय? टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) आणि ती हवा थंड करणारा इंटरकूलर यांच्यामधल्या हवेच्या नळीचा जोड. हायब्रिड यंत्रणा नाही, इंजिन नाही. भरवशासाठी जगभर नावाजलेल्या कंपनीची गाडी, आणि नळीचा जोड.

ते दृश्य मी घरी टीव्हीवर पाहिलं आणि मला आमची ती पत्र्याची पट्टी आठवली. पुढची दोन वर्षं टोयोटानं काय केलं, ते तुम्ही जरूर वाचा. सरावात त्यांनी मुद्दाम बिघाड घडवून आणले. काय तुटेल, तुटलं तर गाडी पिटपर्यंत, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेपर्यंत, कशी आणायची, याची तालीम केली. २०१८ साली ते जिंकले. पोर्श तोवर शर्यतीच्या त्या सर्वांत वरच्या गटातून बाहेर पडली होती, त्यामुळे चुरस कमी होती, हेही सांगायला हवं. पण २४ तास कुणासाठी कमी झाले नव्हते. शेवटच्या टप्प्यात गाडी नाकाजिमाच्याच हातात होती आणि त्यानंच ती रेषेपार नेली.

आता प्रश्न घेऊ. फळ्यावरचा हिशेब पुसू नका, तो लागेल.