चाक पहिलं आलं, मामा नाही

नमस्कार. माईक जरा खाली घ्या ना भाऊ, मी काही एवढा उंच नाही. हां, बस.

पत्रिकेत विषय छापलाय 'आपले फॉर्म्युला रेसिंगचे नॅशनल चॅम्पियन पुढे कुठे अडतात' आणि वेळ दिलाय 40 मिनिटं. त्यातली 10 माझा परिचय करून देण्यात गेली. मी पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवायचो एवढं त्यात खरं होतं, बाकीचं ऐकून मलाच वाटलं की कोण बाप्पा हा माणूस, एकदा भेटलं पाहिजे याला.

फॉर्म्युला गाडी म्हणजे काय? चाकं उघडी, बसायची जागा एक, डोक्यावर छप्पर नाही. आता नीट आठवा, अर्ध्या विदर्भानं हे पाहिलेलं आहे. शंकरपट! हसू नका राजेहो. चाकं उघडी, बसणारा एक, छप्पर नाही, फरक इतकाच की इंजिन कडबा खातं. तळेगाव दशासरचा पट पाहिलेले किती जण आहेत इथं? बघा, अर्धा हॉल. आणि चेन्नईच्या ट्रॅकवर गेलेले? दोन. त्यातला एक माझा पुतण्या, त्याला मीच नेलं होतं.

तर माझा मामा पटाचा शौकीन. घरात मामीला नवं लुगडं नसेल पण बैलांना खुराक वेळेवर. जोडी खरंच तुफान होती, त्या वर्षी आसपासच्या गावांत तिच्याहून कमी सेकंदात कोणी पल्ला काढला नव्हता, हे मामा शेवटपर्यंत सांगायचा आणि खोटं नव्हतं ते. पटाच्या दिवशी सकाळी त्यानं छकड्याची चाकं काढली, आसाला वंगण लावलं, चाकं पुन्हा चढवली. चाक आसातून निसटू नये म्हणून बाहेरून लोखंडी खीळ घालतात, ती डाव्या बाजूला घातली. उजवीकडची घालणार तेवढ्यात शेजारच्या गावचे पाटील आले जोडी बघायला. मग काय, मामा बैलांच्या पाठीवर हात फिरवत बापजाद्यांपासूनची वंशावळ सांगत बसला. खीळ बंडीच्या खिशात.

झेंडी पडली. बैल सुटले. मी 9 वर्षांचा, बाभळीवर चढून बघत होतो. अर्ध्या पल्ल्यावर उजवं चाक हळूहळू बाहेर सरकताना मला वरून दिसत होतं, मी ओरडतोय पण तिथं सगळेच ओरडतायत, माझं ऐकतो कोण. मग छकडा उजवीकडं बसला, मामा तुरीच्या वावरात, बैल बिचारे थांबले, आणि ते चाक एकटंच सरळ रेषेत गडगडत गेलं आणि शेवटची रेघ ओलांडून पंचांच्या टेबलाला जाऊन लागलं. एका पंचानं म्हणे घड्याळही दाबलं. चाक पहिलं आलं, मामा नाही. संध्याकाळी कपडे बदलताना बंडीतून खीळ खाली पडली तेव्हा मामी काही बोलली नाही, ती फक्त उचलून देवळीत ठेवली, समोर. ती देवळी तशीच राहिली पुढं कितीतरी वर्षं.

हे तुम्हाला विषयांतर वाटत असेल. नाही. हाच विषय आहे.

रिटायर झाल्यावर केरला एक्सप्रेस पकडून मी कोइमतूरला गेलो, करी मोटर स्पीडवे बघायला. करी म्हणजे एस. करिवर्धन. कोइमतूरच्या मिलवाल्या घराण्यातला माणूस, 1988 च्या सुमारास त्यानं मारुती 800 चं इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती उभी केली. म्हणजे ज्या इंजिनवर आपण बायकोमुलं घेऊन रामटेकला जायचो, त्याच इंजिनवर रेस. सगळ्यांना सारखी गाडी, खर्च आटोक्यात, मग बघू कोणात किती दम आहे. पुढं फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेला नरेन कार्तिकेयन यातूनच गेला, करुण चंढोक यातूनच गेला. करिवर्धन 1995 मध्ये विमान अपघातात गेले, आणि 2003 मध्ये सुरू झालेल्या ट्रॅकला त्यांचं नाव दिलं. पुढं तोच सारख्या गाडीचा विचार एलजीबीच्या गाड्यांत चालू राहिला. एलजीबी कोण? तुमच्या बाइकची रोलॉन चेन बनवणारे. बाइकवर चेन घालतो आपण, कंपनी कुठली कोणी विचारत नाही.

ट्रॅक साधारण दोन किलोमीटर, आपल्या वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाहून छोटा. पण मी रेस कमी आणि मेकॅनिक जास्त पाहिले. एक 20-21 वर्षांचा पोरगा चाकाचा नट टॉर्क पान्यानं आवळायचा, कट्ट आवाज आला की थांबायचा, आणि मग पिवळ्या मार्करनं नटावरून हबपर्यंत एक रेघ मारायचा. नट जराही फिरला तर रेघ तुटलेली दिसते. चारही चाकांना. मध्येच कोणीतरी त्याला हाक मारली तर यानं मान वर केली नाही, आधी रेघ पूर्ण केली. मला तिथं उभ्या उभ्या मामा आठवला, डोळ्यांत पाणी आलं. पोराला वाटलं धूळ गेली, त्यानं स्वतःची पाण्याची बाटली दिली.

माझं म्हणणं एवढंच आहे की सीझन, म्हणजे वर्षभराच्या सगळ्या रेसच्या पॉइंटांची बेरीज, असतो त्या रेघेचा. गाडी सगळ्यांची सारखी, इंजिनला सील, टायर एकच कंपनीचे, रेसनंतर वजन तपासतात. समजा पहिल्याला 10, दुसऱ्याला 8, तिसऱ्याला 6 पॉइंट. दोनदा जिंकून दोनदा गाडी ठोकणारा 20 वर, आणि चारही वेळा मुकाट तिसरा येणारा 24 वर. पेपरात फोटो कोणाचा येतो ते तुम्हाला माहीत आहे. 1984 मध्ये फॉर्म्युला वनचा अख्खा सीझन अर्ध्या पॉइंटानं ठरला, लाउडा 72, प्रॉस्ट 71.5. प्रॉस्टनं रेस जिंकल्या होत्या 7, लाउडानं 5. आणि 2005 ची अमेरिकेतली रेस घ्या, मिशेलिन टायरचा भरवसा नाही म्हणून 14 गाड्या सुरुवातीलाच आत गेल्या, सहाच पळाल्या, आपला नरेन चौथा आला. लोक हिणवतात, सहांत चौथा काय! अहो, बाकीच्यांची खीळ खिशात होती, याची जागेवर होती, एवढंच. पाच पॉइंट मिळाले, आणि भारतीय माणसाला फॉर्म्युला वनमध्ये ते आधी कधीच मिळाले नव्हते.

चिठ्ठी आली. सात मिनिटं? माझ्या घड्याळात 15 आहेत. बरं बाप्पा, पळवतो.

तर आपले चॅम्पियन अडतात कुठं. पहिलं म्हणजे ट्रॅक. कोइमतूरचा, चेन्नईजवळचा पावणेचार किलोमीटरचा, दोन्ही तामिळनाडूत, आणि तिसरा ग्रेटर नोएडाचा बुद्ध, तिथं 2011 ते 13 ग्रांप्री, म्हणजे फॉर्म्युला वनची रेस झाली, तिन्ही वेळा वेट्टल जिंकला, मग करमणूक कराच्या वगैरे भानगडीत ती बंद. नागपूरचा पोरगा सराव कुठं करणार? फुटाळ्यावर? तिथं पोलीस पकडतात, आणि बरंच करतात.

चेन्नईनं 2024 मध्ये रस्त्यावरच ट्रॅक केला, साडेतीन किलोमीटर, रात्रीची रेस. व्हायची होती 2023 च्या डिसेंबरात, पण मिचाँग वादळ आलं. आपल्याकडं करा म्हणणारे खूप आहेत. रस्त्यावरच्या रेससाठी गटारांची झाकणं वेल्डिंग करून पक्की बसवावी लागतात, आपल्याकडं आधी झाकण शोधावं लागेल.

दुसरं, शिडी. फॉर्म्युला वनची गाडी चालवायला सुपर लायसन्स लागतं, आणि त्याला तीन वर्षांत 40 पॉइंट लागतात. आपली नॅशनल कितीही जिंका, ते पॉइंट त्यातून येत नव्हते. आता एफआयएची, म्हणजे मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेची, मान्यता असलेली फॉर्म्युला फोर इंडियन चॅम्पियनशिप 2023 पासून सुरू झाली, तिच्या चॅम्पियनला 12 मिळतात. म्हणजे पहिली पायरी बसली, पण तिथं बाहेरची पोरं पण येतात, लहानपणापासून कार्ट, म्हणजे रेसची छोटी उघडी गाडी, चालवलेली.

आणि तिसरं तेच, कार्ट. कार्टला सस्पेन्शन नसतं, डिफरन्शिअल नसतं, खालचा प्रत्येक खडा पाठीला कळतो, सात-आठ वर्षांचं पोर त्यावर शिकतं ते विशीत शिकवून येत नाही. मुंबईचा जेहान दारूवाला तिथूनच वर गेला, फॉर्म्युला टूची रेस जिंकला. आपल्याकडं पोरगं 18 चं झालं की बाप बाइक घेऊन देतो आणि मग म्हणतो रेसर हो. जागेचा प्रश्न नाही, मिहानकडं जागा पडलीय, पाऊण किलोमीटरचं डांबर आणि जुने टायर कडेला, कोणी मनावर घेतलं तर होतं ते. त्याचा हिशोब मी आणला होता कागदावर, पण हे बघा, उभे राहिले आभार मानायला.

मागं मघापासून कोणाचा तरी हात वर आहे. विचारा ना काका. काय? ते चाक होय, ते पंचांनी ठेवून घेतलं हो, टेबल मोडलं म्हणून.