बिलात पिनकोड दिसतो, तरी एरर काऊन येते?

नमस्कार मंडळी. ई-इन्व्हॉइसच्या, म्हणजे सरकारच्या जीएसटी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाच्या, व्हिडिओखाली एकच प्रश्न परत परत येऊन राहिला: "भाऊ, बिलात सगळं भरलं, तरी सॉफ्टवेअर म्हणते पिनकोड नाही. काऊन?" म्हणून आज फक्त याच्यावरच बोलतो.

 

आधी पार्टीचं मास्टर उघडा, म्हणजे सॉफ्टवेअरमधली गिऱ्हाइकाच्या नाव-पत्त्याची कायमची नोंद. बिल नाही, मास्टर. नागपूरला इतवारीत लोहाओळीतल्या एका पेढीवर गेलो होतो. बाहेर छिंदवाड्याची गाडी भरून उभी, आणि आयआरएन (पोर्टल बिलाला देते तो नंबर) काही निघेना. मुनीमजी छापील बिलावर बोट ठेवून दाखवत होते, "हे काय, छिंदवाडा ४८०००१ लिहिलं आहे ना!" लिहिलं होतं, पण पत्त्याच्या तिसऱ्या ओळीत. खालचा पिनकोडचा वेगळा रकाना कोरा. छापताना पत्ता जसाच्या तसा उतरतो, म्हणून आपल्याला तो दिसतो. पोर्टलला मात्र माहिती रकान्यानुसार जाते. पत्त्याच्या ओळीतून पिनकोड शोधून काढणं त्याचं काम नाही.

मुनीमजींनी पिनकोड टाकला, सेव्ह केलं, परत पाठवलं. तीच एरर! सगळे अडकतात ते इथेच. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये बिल करताना पार्टीचा पत्ता त्या बिलात उतरतो आणि तसाच राहतो. मास्टर नंतर सुधारलं तरी आधीचं बिल जुनाच पत्ता धरून बसतं. ते बिल उघडा, पार्टी पुन्हा निवडा, नवा पिनकोड आला का ते डोळ्यांनी बघा, मगच सेव्ह करा.

एका ताईंनी लिहिलं, नवी बिलं जातात, जुनी अडकली आहेत. ताई, तुमचं मास्टर ठीक आहे, जुनी बिलं एकेक करून उघडा. काहींचं याच्या उलट होतं. बिलात दुरुस्ती केली की ते जातं, पण त्याच पार्टीच्या पुढच्या बिलाला पुन्हा एरर. तुमचं मास्टर अजून कोरंच आहे, भाऊ. दोन्ही ठिकाणी हात लावावा लागतो.

आणि "९९९९९९ टाका, चालून जाते" हा सल्ला कृपा करून कमेंटमध्ये देऊ नका. मला याचा खरंच राग येतो. तो आकडा निर्यातीच्या बिलासाठी आहे. छिंदवाड्याच्या पार्टीचा राज्य कोड २३, म्हणजे पिनकोडही मध्य प्रदेशातलाच लागतो, पोर्टल तो ताडून बघतं. पत्त्यात "एनए" टाकून बिल निघालं तर आणखी वाईट. आयआरएन आला की पोर्टलवर बिलात बदल होत नाही. रद्द करायला २४ तास, त्यानंतर क्रेडिट नोटचा व्याप. त्यापेक्षा गिऱ्हाइकाला एक फोन लावा ना बाप्पा!

युनिटचंही असंच. तुमच्या मालाच्या मास्टरमध्ये "नग" असेल, तर त्याच्यासमोर पोर्टलचा कोड "एनओएस" जोडलेला हवा.

एवढं करूनही अडलं, तर एररची ओळ जशीच्या तशी कमेंटमध्ये टाका. स्क्रीनचा फोटो टाकणार असाल, तर पार्टीचं नाव आणि जीएसटीआयएन (जीएसटी नंबर) आधी झाका.