शहराचा विकास आराखडा मंजूर झाला, पुढे काय?

(दृश्य: उपग्रहचित्रं, वर्षं सरकतात)

लास वेगास. भोवती करडं वाळवंट, आणि दर चित्रागणिक त्यात पुढे सरकणारी घरांची जाळी. पहिला लँडसॅट उपग्रह 1972 साली अवकाशात गेला. तेव्हापासून शहरांच्या वाढीची अशी वरून नोंद होत आली आहे.

या चित्रांतूनच आराखड्याचा परिणाम तपासायचा एक निर्देशक, म्हणजे मोजमापाचा आकडा, निघतो. बांधकामाखालची जमीन किती वेगानं वाढली, लोकसंख्या किती वेगानं वाढली, आणि पहिल्या वेगाला दुसऱ्यानं भागायचं. उत्तर एकाच्या वर गेलं, की समजायचं, शहर माणसांपेक्षा भराभर पसरतंय. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टं स्वीकारली. त्यातलं अकरावं शहरांचं, आणि हे गणित त्यातलंच. ते फक्त पालिकेच्या हद्दीत मांडून भागत नाही. शेतांचे प्लॉट पडतात ते बहुधा हद्दीच्या पलीकडे. म्हणून हिशेब धरायचा तो सलग वस्तीचा, सगळ्या प्रदेशाचा.

(दृश्य: रस्ता, मोजणीचं चाक)

आता जमिनीवर येऊ. नकाशावर बसथांब्याभोवती 500 मीटरचं वर्तुळ आहे. त्या अकराव्या उद्दिष्टातच घरापासून थांबा किती लांब असावा याचा, बससाठी 500 मीटर आणि रेल्वे-मेट्रोसाठी 1 किलोमीटर असा निकष आहे. हे घर वर्तुळाच्या आत, म्हणजे नकाशापुरतं काम झालं. पण चाक कुठून जातंय बघा. समोर कुंपणाची भिंत, तिच्यातलं फाटक कुलूपबंद. चाक वळतं. पुढे पदपथ तुटतो, मोजणारी बाई गाड्यांच्या बाजूनं रस्त्यावर उतरते. थांबा येईपर्यंत चाकावरच्या आकड्यानं 500 केव्हाच ओलांडलेत. अंतर मोजायचं ते असं, माणूस चालतो त्या वाटेनं.

किती किलोमीटर रस्ता झाला, किती परवाने दिले, हे आकडे खात्याच्या कामाचे आहेत, आणि तेही हवेतच. पण आराखडा लोकांपर्यंत पोचला का, हे त्यातून कळत नाही. कोपनहेगन शहर 1990 च्या दशकापासून सायकलींचा लेखाजोखा प्रसिद्ध करतं. त्यात सायकलमार्गांची लांबी असते, आणि सायकल चालवणाऱ्यांना सुरक्षित वाटतं का, याचंही उत्तर असतं. आमच्या मते कुठल्याही आराखड्याला हा दुसरा प्रश्न विचारलाच पाहिजे.

(दृश्य: नवी वसाहत, सकाळची वर्दळ)

आकडा बिघडला तर नव्या परवानग्या थांबवायच्या की बसमार्ग वळवायचा, कुणी आणि किती दिवसांत, हे आराखड्यातच लिहिलेलं हवं. ते नसेल तर अहवाल फायलीत राहतो आणि तोवर घरं उभी राहतात.

पहिली मोजणी आराखडा लागू होण्याआधी करायची. पुढच्या सगळ्या त्याच जागी, त्याच पद्धतीनं, ठरल्या वर्षी.